हातानं लिहिलेल्या वह्यांनाही एक फळी हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतर लेखनातून चार पैसे कसे मिळवावेत यावर आपण पानभर मजकूर दिला होता. शब्दामागे किती मिळतात, जाहिरातींचा मजकूर कोण लिहून घेतं, आपलं पुस्तक आपणच मोबाईलवरून कसं विकायचं, असं सगळं त्यात सविस्तर होतं. ज्यांना गरज आहे त्यांना त्याचा उपयोग होवो. पण त्यात एक वाक्य असं होतं की, हाती काही पडत नसेल तर म्हातारपणी लिहीत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

मी वाईचा, वय ७४. १९७४ पासून २०१६ पर्यंत, बेचाळीस वर्षं, मी दस्तलेखक होतो. लोक आम्हाला बाँडरायटर म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल, एक लाकडी पेटी, माझी खुर्ची आणि पक्षकारांसाठी बाकडं. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र. दिवसाला तीन-चार दस्त झाले की घर चालायचं. पैशासाठी लिहिणं काय असतं ते मी पुरेपूर जाणतो. दोन्ही मुलांची शिक्षणं त्या लिखाणावर झाली आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आम्हाला पेन्शन नसते. आज घर थोरल्याच्या पगारावर आणि दीड एकर हळदीवर चालतं. म्हणजे पोट भरलेल्या माणसाच्या या गप्पा आहेत असं कृपा करून समजू नये.

दस्ताच्या भाषेची एक शिस्त असते. 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' यांची नावं, वयं, धंदे. मग 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे'. मग मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा: पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस लिहून देणार यांचीच उर्वरित जमीन. रक्कम आकड्यात, मग अक्षरी, पुढे 'मात्र'. ओळीच्या शेवटी जागा उरली तर तिथे रेघ ओढायची, कारण त्या मोकळ्या जागेत उद्या कोणी एखादा शब्द घुसडला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. खाडाखोड झालीच तर 'ओळ सहामध्ये दोन शब्द खोडले, एक जादा लिहिला' असं शेवटी नमूद करायचं आणि समासात सह्या घ्यायच्या. सुरुवातीची कितीतरी वर्षं हे सगळं हातानं, निळ्या-काळ्या शाईनं लिहिलं. मग टंकलेखन यंत्र आलं, मग संगणक. पण शिस्त तीच राहिली. जमिनीला विशेषण लावायचं नाही. ती जिरायत असते नाहीतर बागायत. शून्य हेक्टर चाळीस आर असते. तिच्यावर बोजा असतो किंवा नसतो.

या शिस्तीत न मावलेल्या गोष्टी बेचाळीस वर्षं माझ्या टेबलाभोवती घडत होत्या. त्यातली एक सांगतो.

१९८६ ची गोष्ट. कृष्णेपलीकडच्या एका गावची बाई आली होती. नवरा वारलेला, मुलाचं आजारपण, त्यासाठी सोळा गुंठे विकायला काढलेले. घेणारा भला माणूस होता, भावही रास्त होता. दस्त पुरा झाला आणि रिवाजाप्रमाणे मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मिळकतीच्या वर्णनात आमचं ठरलेलं वाक्य असतं, 'त्यातील झाडझाडोरा, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. तिथे तिनं मला थांबवलं.

"भाऊ, त्यात जांभळीचं नाव आलं का?"

मी म्हणालो, झाडझाडोऱ्यात सगळी झाडं आली.

"सगळी न्हवं. जांभळ. माज्या तिन्ही लेकरांची झोळी तिलाच टांगलीया."

मी तिला समजावून सांगितलं. एका झाडाचं नाव वेगळं काढलं तर ते झाड विकलेलं नाही असा अर्थ निघू शकतो, घेणाऱ्याला पुढे त्रास होईल. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग नगा लिवू." आणि अंगठा पुढे केला. शाई पुसायला मी चिंधी दिली, ती तिनं घेतली नाही. अंगठा पदराला पुसला आणि जाऊन बाकड्यावर बसली. मी दस्त घेऊन आत गेलो. बाहेर पुढचा पक्षकार उभाच होता.

मी चुकीचं काहीच केलं नव्हतं. दस्त बिनचूक होता आणि त्यावरून आजवर एकही तंटा झालेला नाही. तरी ती जांभूळ तीस वर्षं माझ्याकडे राहिली.

२०१६ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलानं टेबल आवरायला लावलं. पहाटे पाचला उठायची सवय होती, पण उठून करायचं काही नव्हतं. घाटावरच्या देवळातली घंटा ऐकत ओसरीवर बसून राहायचो. असाच एक दिवस पेटीतला एक कोरा फुलस्केप घेतला आणि त्यावर लिहिलं, 'पूर्वेस जांभळीचं झाड'. सवयीनं चतुःसीमेपासूनच सुरुवात झाली. पण पुढे गट नंबर आला नाही. पुढे ती बाई आली, तिचा आवाज आला, अंगठा पुसलेला पदर आला. दोन तासांत चार पानं झाली. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, त्यांना मी ती वाचून दाखवली. त्या ऐकत उभ्याच राहिल्या. चहा गार झाला.

लिहिताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दस्तात मी जन्मभर 'केले', 'दिले', 'घेतले' लिहीत आलो. त्या चार पानांत मात्र आपोआप 'केलं', 'दिलं', 'घेतलं' उमटलं होतं. माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडी जी भाषा होती, ती वयाच्या पासष्टीत पहिल्यांदा माझ्या हातातून कागदावर आली. तेव्हापासून मी तो अनुस्वार सोडलेला नाही, आपल्याला पत्र लिहितानाही नाही.

आणि दुसरं सुख खाडाखोडीचं. माझ्या वहीत मला हवं तेवढं खोडता येतं. एक वाक्य सात वेळा खोडलंय असं एक पान माझ्याकडे आहे आणि त्या पानाकडे मी अधूनमधून नुसताच बघतो. तिथे कुणाची सही लागत नाही. ओळीच्या शेवटी जागा उरली तर ती उरू देतो.

त्या चार पानांचं पुढे काय झालं तेही सांगतो. धीर करून एसटीनं त्या गावी गेलो. बाई आठ वर्षांपूर्वी गेलेली. घरी नातू होता, त्याला मी कोण ते सांगितलं आणि पानं दिली. त्यानं ती ओसरीवर उभ्यानंच वाचली, मोबाईलवर फोटो काढले आणि आत्यांना पाठवले. मी परतीच्या गाडीत असतानाच फोन वाजला. धाकटी लेक बोलत होती, पनवेलहून. रडत होती आणि रडता रडता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "काका, झोळी पांढऱ्या धोतराची लिहिलीय तुम्ही. ती हिरव्या लुगड्याची होती. आईच्या लग्नातलं लुगडं. मला आठवतंय ते." मी झोळी कधी पाहिली नव्हती, पांढरं धोतर मी माझ्या मनानं लिहिलं होतं. घरी आलो, दिवा लावला, 'पांढऱ्या धोतराच्या' हे शब्द खोडले आणि वर 'हिरव्या लुगड्याच्या' असं लिहिलं. माझ्या हातून झालेली इतकी आनंदाची दुरुस्ती दुसरी नाही. पुरवणीतल्या त्या लेखाच्या हिशेबात ही चार पानं कुठे बसतात?

माझ्याकडे आज चौदा लाँगबुकं भरली आहेत. सगळंच असं कुणाला नेऊन दाखवण्यासारखं नाही. १९९४ मध्ये आपल्या राज्यात आणि २००५ मध्ये देशभर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्यानंतर माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रं वाढली. बहिणी यायच्या, भावांनी केलेल्या जीपमधून यायच्या, आणि सह्या करून जायच्या. त्या दस्तातही ठरलेलं वाक्य असतं, 'स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता'. कित्येकींची खरोखर खुशी असायची. माहेर तुटू नये, दिवाळीला यायला दार उघडं राहावं, हीही खुशीच म्हणायची. पण एकदा तिघी बहिणींपैकी धाकटीनं दस्त माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. 'स्वखुशीने' या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हळदीच्या काढणीचे दिवस होते, बोट नखापासून पिवळं झालेलं होतं. बोलली काहीच नाही. सही केली, चांगली वळणदार, आणि कागदावर पिवळा ठसा राहिला. फी भावानं दिली. ती मी घेतली. माझी मजुरीच होती ती.

त्या बोटावर मी सहा पानं लिहिली आहेत. नाव नाही, गाव नाही, साल नाही. ती पानं सौभाग्यवतींशिवाय कोणी वाचलेली नाहीत आणि माझ्या हयातीत कोणी वाचणारही नाही, कारण माणसं माझ्या टेबलाशी विश्वासानं बसली होती. अशा लिखाणाला बाजार नसतो आणि नसावाच. पण ते लिहायला हवं होतं. लिहिल्यापासून मला ते बोट रात्री-अपरात्री दिसत नाही. शांतपणे, हवं तेव्हा दिसतं.

या नादात एकदा माझी फसगतही झाली, ती सांगायला हवी, कारण माझ्यासारखे पुष्कळजण त्यातून जात आहेत. २०१८ मध्ये एका शहरातल्या एका प्रकाशनाकडून फोन आला. 'काका, तुमच्या आठवणी म्हणजे ठेवा आहे, पुस्तक झालंच पाहिजे.' खर्च अर्थात लेखकाचा. बहात्तर हजार रुपये, पाचशे प्रती, प्रकाशन समारंभ वेगळा. मी हळदीचे पैसे दिले. त्यांनी सुचवलं की झाडं, वास, असलं थोडं कमी करा, 'प्रेरणादायी' प्रसंग वाढवा, प्रत्येक लेखाच्या शेवटी एक बोधवाक्य द्या. मी दिली. एकवीस लेख, एकवीस बोधवाक्यं. मुद्रितशोधन कोणीच केलेलं नव्हतं. पहिल्याच पानावर 'खरेदीखत'चं 'खरेदीखात' झालेलं होतं. दीडशे प्रती नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत गेल्या, साडेतीनशे माळ्यावर आहेत. पैशांचं दुःख झालंच. पण त्याहून मोठं नुकसान पुढच्या दहा महिन्यांत झालं. वही उघडली की आधी मनात यायचं, हे कोण घेईल? याचा शेवट काय करू? पेन तसंच टोपणासकट हातात राहायचं. माझ्याच वहीत मी पक्षकाराची वाट पाहत बसलो होतो.

त्यातून मला बाहेर काढलं हळदीनं. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला हळद लावतात, ती माघ-फाल्गुनात निघते. पूर्वी शेतातच चूल काढून मोठ्या काहिलीत शिजवायचे, जळणाला उसाचं पाचट आणि हळदीचाच वाळलेला पाला. आता वाफेचे कुकर आले आहेत, काम लवकर होतं आणि वास कमी पसरतो. २०१९ मध्ये शेजारच्या एकानं बऱ्याच वर्षांनी काहील लावली. संध्याकाळी तो वास ओसरीपर्यंत आला आणि मला माझे वडील दिसले, डोळे धुरानं लाल, हातात काडी, शिजली का बघायला कंदात खुपसलेली. दुसऱ्या पहाटे वही उघडली आणि ठरवलं, फक्त वास लिहायचा.

अकरा दिवस लागले. पहिल्या दिवशी 'उग्र' लिहिलं. पण तो उग्र असा नसतोच, उग्र वास कोरड्या पुडीचा. मग 'ओल्या मातीचा' लिहिलं. तेही अर्धंच खरं, माती असते पण ती तापलेली. वळवाचा पाऊस तापल्या तव्यावर पडावा तशी. चौथ्या दिवशी लक्षात आलं की त्यात गोडसरपणा आहे, रताळ्याच्या जवळचा. सातव्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात पाल्याचा धूरही धरा, धुराशिवाय तो वास कधी आलाय?" त्या माहेरच्याही हळदकऱ्याच्या घरातल्या. धूर वेगळा काढून वास लिहायचा मी प्रयत्न करत होतो, तिथेच अडलं होतं. अकराव्या दिवशी सात ओळी झाल्या. त्या सात ओळी मी सौभाग्यवतींना वाचून दाखवल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि नाकानं खोल श्वास घेतला. दस्तलेखक असताना अकरा दिवसांत मी चाळीस दस्त केले असते. त्या चाळिसांनी घर चालवलं असतं. या सात ओळींनी काय केलं ते मला त्या मिटलेल्या डोळ्यांत दिसलं आणि ते मला पुरलं.

आता आम्ही पाचजण दर गुरुवारी संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसतो. प्रत्येकानं दोन पानं वाचायची. एक एसटीचे निवृत्त चालक आहेत. पसरणी घाटाची वळणं त्यांना वहीत एकेक करून लिहायची आहेत, आत्ता नवव्या वळणावर आहेत. मुक्कामी गाडीवर त्यांनी लिहिलेलं पान तर आपल्या अंकात यावं इतकं चांगलं आहे. डोंगरातल्या गावात रात्री गाडी थांबायची, टपावर झोप, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण यायचं, आणि पहाटे साडेपाचला त्यांनी हॉर्न दिला की बायका पाण्याला निघायच्या. गावात घड्याळं होती, पण पाणी हॉर्नवर भरलं जायचं. एक दिवस गाडी बिघडली, हॉर्न झाला नाही, तर शाळेपर्यंत सगळ्या गावाला उशीर. त्यांना मी विचारलं, हे कुठे पाठवणार का? ते म्हणाले, "कशाला? मला तुम्ही चौघं ऐकताय की."

दुसऱ्या निवृत्त परिचारिका. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांत त्यांनी लाँचनं जाऊन बाळंतपणं केली. त्यांचं लिखाण आम्ही पुरुषमंडळी मान खाली घालून ऐकतो. एकदा त्या वाचताना मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, पुढचं आज नको. वही मिटली. तीन गुरुवार गेले, चौथ्या गुरुवारी त्यांनी तिथूनच पुढे वाचलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी तगादा लावला नव्हता. संपादक महोदय, मजकूर अमुक तारखेपर्यंत द्या असं सांगणारं कुणी असतं, तर ते पान आम्हाला ऐकायला मिळालं असतं का?

आमच्या वाईलगत मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा तिथे कृष्णाकाठी उभा आहे. मेणवली दफ्तर इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. राज्यकारभाराचे मोडीतले हजारो कागद, हिशेब, पत्रव्यवहार. लेखणीवर जगलेला हा माणूस. पण याच नानांनी थोडकी पानं स्वतःविषयीही लिहून ठेवली, लहानपणापासून पानिपतापर्यंतची. १७६१ च्या त्या पळापळीत त्यांची आई दुरावली ती कायमची. ती पानं लिहायला त्यांना दरबारातून कुणी सांगितलं नसणार. मला मोडी वाचता येते, आमच्या धंद्यात जुने दस्त वाचायला ती लागायची. त्या वाड्याच्या ओसरीवर बसलं की मला कारभाराच्या कागदांपेक्षा त्या थोडक्या पानांचीच आठवण होते.

आणि आपल्या क्षेत्रातलंच उदाहरण द्यायचं तर गोपाळ हरी देशमुखांचं. सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावानं पत्रं लिहिली, ती शंभरावर गेली. त्यांचं पोट नोकरीवर होतं. पत्रं त्यांना लिहावीशी वाटली म्हणून त्यांनी लिहिली. मी त्यांच्या पंगतीत बसणारा नव्हे, पण वृत्तपत्राला वाचकानं मन मोकळं करून लिहायचं, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे एवढंच मला म्हणायचं आहे.

मानधनाला माझा विरोध नाही. वृत्तपत्रानं, मासिकानं कोणाचं छापलं तर त्याला मानधन मिळायलाच हवं, आणि वेळेवर मिळायला हवं. लेखणीवर पोट असलेल्या तरुणांचं काम आम्ही निवृत्त माणसांनी फुकट करून देऊन त्यांचा भाव पाडावा असंही मी म्हणत नाही. ते अगदी वाईट होईल. माझं म्हणणं त्या लिखाणाविषयी आहे, जे कुणी मागितलेलं नाही, ज्याची तारीख ठरलेली नाही, आणि जे माणूस गेल्यावर रद्दीत जातं. आमच्या गुरुवारच्या बैठकीतले एक मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी वाईच्या आठवडे बाजारावर अडीचशे पानं लिहिली होती, मापं, भाव, आरोळ्या, कुठला दुकानदार कुठे बसायचा त्याचे नकाशे. मुलगा परगावी. घर रिकामं करताना वह्या गेल्या. कुणाचा दोष नाही, त्याला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून मी एका गोष्टीच्या मागे लागलो आहे. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं अनुदानावर चालतात. अशा प्रत्येक वाचनालयानं एक फळी, फक्त एक फळी, आपल्या गावच्या माणसांनी हातानं लिहिलेल्या वह्यांसाठी ठेवावी. छापायचं नाही, समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. ज्याला खुली ठेवायची त्यानं खुली ठेवावी, ज्याला आपल्या पश्चात उघडावी असं वाटतं त्यानं लखोट्यात बंद करून वर तारीख घालावी. मृत्युपत्रं अशी ठेवता येतात, तर वह्या का नाही? शाळेत असताना आम्ही हस्तलिखित अंक काढायचो, शिक्षक ते कपाटात जपून ठेवायचे. म्हणजे ही कल्पना काही नवी नाही.

तालुक्यातल्या एका वाचनालयात हा प्रस्ताव घेऊन मी गेलो होतो. तिथले ग्रंथपाल तरुण आहेत आणि त्यांनी फार आपुलकीनं ऐकून घेतलं. माझी जांभळीची पानं तिथल्या तिथे वाचलीही. मग त्यांनी दाखल नोंदवही उघडून माझ्यापुढे ठेवली. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. म्हणाले, "काका, बाकीचे रकाने मी भरीन. प्रकाशकाच्या जागी तुमचंच नाव घालीन. पण तपासणीला साहेब आले की किमतीचा रकाना बघतात. तिथे काय लिहू?"

मला तिथे उत्तर देता आलं नाही. त्यांनी विषय कार्यकारी मंडळापुढे ठेवायचं कबूल केलं आहे आणि मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तर आपल्या वाचकांपैकी कोणाच्या गावच्या वाचनालयानं अशा हस्तलिखित वह्या रीतसर दाखल करून घेतल्या असतील, तर त्यांनी किमतीच्या रकान्यात काय लिहिलं, हे आपल्या सदरातून जरूर कळवावं. तो अंक मी बैठकीला घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
वाई, जि. सातारा